आखाड्याचा हौद आणि पाण्याचा हौद: खेळाडूंसाठी पाण्यातला सराव

बेळगावकडे पोहण्याच्या तलावाच्या काठावर पाटी असते. कन्नडमध्ये ‘आळ’, पुढे आकडा. आळ म्हणजे खोली. आपल्याकडे कुणावर घेतात तो आळ हा नव्हे. पाण्यातल्या सरावाचं सगळं गणित याच आकड्यावर बसतं, म्हणून तो फुटांत आहे की मीटरमध्ये हे आधी बघून घ्या. ४ फूट म्हणजे साधारण १.२ मीटर.

तालमीत आपल्याला मोजायची सवय असते. जोर किती, बैठका किती, सपाट्या किती. ती सवय पाण्यात शिरताना काठावर ठेवावी लागते. पाण्यात अंगावरचा भार दोन गोष्टी ठरवतात: तुम्ही किती खोल आहात आणि किती जोरात हलता. किती वेळा केलं, हा प्रश्न त्यानंतरचा.

खोलीचं गणित असं. बेंबीच्या जरा खाली पाणी असेल तर पायांवर निम्मं वजन राहतं. छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकाला पाणी लागलं की साधारण एक तृतीयांश. मानेपर्यंत गेलात की जेमतेम दहावा हिस्सा. ७० किलोचा पैलवान कमरेएवढ्या पाण्यात ३५ किलोचा होतो, गळ्याएवढ्यात ७ किलोचा. हे स्थिर उभं असतानाचं. धावताना किंवा उडी मारून उतरताना भार वाढतोच. साडेपाच-पावणेसहा फुटांच्या माणसाला ४ फूट पाणी छातीच्या त्या हाडापाशी येतं. सव्वापाच फुटांच्या मुलीला तेच पाणी त्याच्याही वर, काखेकडे सरकतं. त्यामुळे ‘सगळ्यांनी चार फुटांत उभं राहा’ ही सूचना चुकीची. रेघ तलावावर नाही, अंगावर धरायची.

वेगाचं गणित त्याहून कडक. हात किंवा पाय दुप्पट वेगानं हलवला तर पाण्याचा अडथळा चौपट होतो. म्हणून सावकाश मारलेल्या ४० हातांपेक्षा जोरात मारलेले १० हात जड जातात. बैठकांचं तर उलटंच होतं. छातीएवढ्या पाण्यात खाली बसतानाच जोर लावावा लागतो, वर यायला पाणीच उचलून धरतं. पाण्यात पाचशे बैठका मारल्या म्हणून मांड्या तयार होत नाहीत. त्या मातीतच माराव्यात.

पाणी कुठलं

सगळ्यात बरा तलाव म्हणजे जिथे जीवरक्षक हजर असतो, तळाची फरशी दिसते आणि उथळ-खोल भागांमध्ये दोर बांधलेला असतो. बेळगावात गोवावेसचा तलाव सगळ्यांना माहीत आहे. तालुक्यांच्या गावी सोय कमी, म्हणून गटानं आठवड्यातले दोन दिवस ठरवून जाणं परवडतं. पाण्यात मोकळ्या क्लोरीनचं प्रमाण दर दशलक्ष भागांत १ ते ३ आणि पीएच ७.२ ते ७.८ असावा. बरेच तलाव हे आकडे फळ्यावर लिहितात, नसतील तर विचारा. डोळे झोंबणारा उग्र वास आला की लोक म्हणतात क्लोरीन जास्त झालं. बहुतेक वेळा तो घाम आणि लघवी क्लोरीनमध्ये मिसळून झालेल्या संयुगांचा वास असतो, म्हणजे पाणी मळलेलं असतं. अंगाला तेल आणि माती लागलेली असताना थेट पाण्यात उतरणारा पैलवानही त्याला हातभार लावतो. साबण लावून अंघोळ, मग तलाव.

मलप्रभा, मार्कंडेय, घटप्रभा, हिरण्यकेशी, दूधगंगा: नद्या आपल्या अंगणातल्या आहेत, पण सरावासाठी नकोत. ओढ कळत नाही, वाळू उपशानं पडलेले डोह दिसत नाहीत, पावसाळ्यात तर काठावरही उभं राहू नये. राकसकोप जलाशयाचं पाणी बेळगाव शहर पितं, तिथे उतरायचा विचारच नको. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं सगळ्यात फसवं. कडा निसरड्या आणि उतरत्या, धरायला काही नाही, पट्टीचा पोहणाराही वर येऊ शकत नाही.

विहिरीचं काय? आपल्याकडे बहुतेकांचं पोहणं तिथेच झालेलं असतं. उत्तम पोहता येतं, पायऱ्या धड आहेत, पाणी स्वच्छ आहे, वर दोर घेऊन दोघं उभे आहेत आणि मोटारीचा मेन स्विच काढलेला आहे, एवढं सगळं जमलं तरच फक्त खोल पाण्यातली धाव (कमरेला तरंगता पट्टा लावून, पाय तळाला न टेकता) करावी. सोललेल्या वायरीतून पाण्यात करंट उतरतो, तो दिसत नाही. बरेच दिवस बंद असलेल्या विहिरीत तर शिरूच नये. तळाशी हवाच नसते.

थर्मामीटर जवळ ठेवा. जोराच्या सरावाला २६ ते २९ अंश पाणी चांगलं. बेळगाव शहर समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटरच्या आसपास आहे. डिसेंबर-जानेवारीत भल्या पहाटे उघड्या तलावाचं पाणी चांगलंच बोचतं. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीसपट वेगानं उष्णता ओढून घेतं, त्यामुळे थंडीत सराव सकाळी नऊनंतर न्या, थांबे लहान करा आणि शेवटचं तरंगणं गाळा. ओठ निळसर किंवा बोटं वाकडी होऊ लागली की बाहेर. अथणी-रायबागकडच्या उन्हाळ्यात उलटी तऱ्हा: पाणी ३२ अंशांवर गेलं की जोराचे फेरे बंद, फक्त चालणं आणि हलकी धाव.

काय लागतं

नायलॉन किंवा लायक्राचे कपडे. सुती लंगोट, बनियन, ट्रॅकपँट पाणी पितात, जड होतात आणि बहुतेक तलावांवर चालतही नाहीत. मुलींसाठी पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा पोशाख मिळतो; तो घालून कबड्डी-खोखोच्या संघानं वेगळी वेळ मागून घ्यावी. पाळीच्या दिवसांत टॅम्पॉन किंवा कप वापरून उतरायला हरकत नाही, पोटात दुखत असेल तर त्या दिवशी सुट्टी.

मुख्य वस्तू म्हणजे तरंगण्याचा कमरपट्टा. लहानपणी पाठीला सुकलेला भोपळा नाहीतर पाच लिटरचा कॅन बांधून विहिरीत ढकलतात, तो कॅन इथे चालत नाही. तो पाठ वर उचलतो आणि तोंड पाण्याकडे झुकवतो. पोहायला शिकताना ते ठीक, उभं धावताना नाही. पट्टा फोमचा, पाठीमागे जाड आणि कुशीला निमुळता असावा. बांधताना श्वास सोडा, कमरेच्या हाडाच्या लगेच वर बसवा, दोन बोटं जातील एवढाच आवळा. सैल पट्टा पाण्यात शिरताच वर सरकून छातीत अडकतो. मग काखा वर, पाय मागे आणि धाव बिघडली. पट्टा हे जीव वाचवायचं साधन नाही. ज्याला पोहता येत नाही त्यानं पट्टा लावूनही दोराच्या पलीकडे जायचं नाही.

फोमचे डंबेल, हातमोजे वगैरे नंतर. तळहात हेच पहिलं अवजार आहे. हात कडेनं कापत नेला तर पाणी वाट देतं, मूठ केली तर थोडं अडवतं, बोटं जुळवून पंजा आडवा धरला तर चांगलंच अडवतं. तीन पायऱ्या फुकटात.

मनाची चिठ्ठी

पाण्यातून बाहेर आल्यावर बरं वाटतं, हे कुणीही सांगेल. ते बरं वाटणं टिकतं का, हे पाहायचं तर लिहायला हवं. वहीत पाच रकाने करा: ताण, थकवा, चिडचिड, गोंधळ, उत्साह. प्रत्येकाला ० ते १० आकडा. सरावाआधी एकदा आणि बाहेर येऊन, कपडे बदलून, चहा-पोहे झाल्यावर एकदा, म्हणजे साधारण वीस मिनिटांनी. पाण्यातून निघताच लिहू नका. तेव्हाचा आनंद बऱ्याचदा ‘संपलं एकदाचं’ याचा असतो. आकडे वस्तादांसमोर मोठ्यानं विचारू नयेत. चारचौघांत ‘भीती वाटते’ असं कुठला पैलवान सांगणार? चिठ्ठी ज्याची त्यानं ठेवायची, आठवड्यातून एकदा प्रशिक्षकाला दाखवायची.

चांगली तयारी चाललेल्या खेळाडूचा उत्साह बाकी चारांच्या वर असतो. तीन-चार दिवस थकवा उत्साहाच्या वर राहिला, तर त्या आठवड्यातले जोराचे फेरे निम्मे करा. सलग दोन आठवडे मन खाली आहे, झोप उडाली आहे, खेळच नकोसा झाला आहे, तर तो प्रश्न तलावाच्या हातातला नाही. डॉक्टरांना दाखवावं, टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावरही बोलता येतं.

पंचेचाळीस मिनिटांचा सराव

काठावर ५ मिनिटं: खांदे, कंबर, घोटे मोकळे करा. काठावर धावायचं नाही, ओली फरशी कुणाचीच नसते.

कमरेएवढ्या पाण्यात ७ मिनिटं: पुढे चाला, मागे चाला, मग दोन्ही बाजूंना आडवं. टाच आधी टेकवा, पोट आत घ्या. मागे चालताना पाठ पोकळ होते, ती होऊ देऊ नका.

मग १० मिनिटं छातीएवढ्या पाण्यात गुडघे उंच घेऊन धावा. ३० सेकंद जोर, ३० सेकंद चाल. इथे सगळे एकच चूक करतात: तळावर उड्या मारत पुढे जातात. डोकं वर-खाली होत असेल तर ती धाव नव्हे, टणाटण आहे. डोकं एका पातळीत ठेवून पाणी छातीनं कापायचं.

यानंतर खोल पाण्यातली धाव, १२ ते १५ मिनिटं. सरावाचा गाभा हाच, म्हणून जरा सविस्तर. पट्टा लावून जिथे पाय टेकत नाहीत तिथे जा. कान, खांदा, नितंब एका रेषेत. पुढे झुकायचं ते अगदी किंचित आणि घोट्यापासून, कमरेतून नव्हे. हनुवटी पाण्याच्या वर, नजर समोरच्या भिंतीवर. गुडघा वर आणा, मांडी जवळजवळ आडवी होईल एवढा. मग चपलेला लागलेला चिखल उंबऱ्यावर घासून काढतो तसा पाय खाली आणि मागे ओढा. गुडघा वर येताना पाऊल नडगीकडे ओढलेलं, मागे जाताना बोटं खाली. कोपर काटकोनात, मुठी सैल, अंगठे वर. हात नितंबापासून छातीपर्यंत पुढे-मागे, बाजूला वल्हवायचे नाहीत.

बिघाड दोन जागी दिसतो. पहिला: पाय फक्त पुढेच फिरतात, सायकल चालवल्यासारखे. तेव्हा नितंबाचे आणि मांडीमागचे स्नायू कामच करत नाहीत. पाय मागे नेताना टाच नितंबाच्या मागच्या रेषेपलीकडे जातेय का, हे जोडीदारानं बाजूनं पाहावं. दुसरा: अंग पुढे झुकत झुकत आडवं होतं आणि धावेचं कुत्र्यासारखं पोहणं होतं. असं झालं की माणूस भराभर पुढे सरकतो आणि त्याला वाटतं आपण तयार झालो. खोल पाण्यात पुढे सरकणं हे चांगल्या धावेचं माप नाही. बरोबर धावणारा फार हळू सरकतो.

पहिले दोन आठवडे: ४५ सेकंद जोर, ४५ सेकंद आराम, ६ फेरे. तिसऱ्या-चौथ्यात १ मिनिट जोर, ४५ सेकंद आराम, ७ फेरे. पाचव्यापासून १ मिनिट जोर, ३० सेकंद आराम, ८ ते १० फेरे. जोर किती, हे बोलण्यावरून ठरवा. पूर्ण वाक्य बोलता आलं तर हलकं, तीन-चार शब्द निघाले तर मध्यम, नुसतं ‘हं’ निघालं तर जोराचं. नाडीवर जमिनीचे आकडे लावू नका. छातीवर पाण्याचा दाब पडून रक्त हृदयाकडे जास्त येतं, त्यामुळे तेवढ्याच मेहनतीला ठोके मिनिटाला १० ते १५ कमी पडतात. जमिनीवरचे १७० गाठायला गेलात तर अंगाबाहेर मेहनत होईल. त्याऐवजी उजवा गुडघा ३० सेकंदांत किती वेळा वर आला ते मोजा. जोराच्या फेऱ्यांमध्ये हा आकडा शेवटपर्यंत टिकला पाहिजे. तो घसरला की फेरे थांबवा.

शेवटची ५ मिनिटं सावकाश चालणं आणि ३ मिनिटं पाठीवर तरंगणं. नाकानं श्वास आत, तोंडानं त्याच्या दुप्पट वेळ बाहेर. मन शांत करायला हाच भाग उपयोगी, आणि घाई असली की नेमका हाच कापला जातो.

उड्या

तिसऱ्या आठवड्यापासून, आठवड्यातून एकदाच. बेंबीच्या वर, छातीच्या खाली पाणी असावं. ८ उड्यांचे ३ संच, मध्ये ९० सेकंद विश्रांती. अर्धं बसा, दोन्ही हात खाली दाबत वर झेपा, उतरताना पुढचा पंजा आधी, मग टाच, गुडघे पावलांच्या रेषेत. गुडघे आत पडत असतील तर संच तिथेच संपला. जमिनीवरच्या उड्यांपेक्षा दुसऱ्या दिवशी अंग कमी दुखतं, कारण उतरतानाचा धक्का पाणी झेलतं. फायदा आणि मर्यादा दोन्ही त्यातच आहेत. धक्का झेलायची सवय पायांना लागत नाही, म्हणून जमिनीवरच्या उड्या पूर्ण बंद करू नयेत.

ज्याचा खेळ त्याचा फेरा

पैलवानांनी कमरेएवढ्या पाण्यात पवित्रा घेऊन पट काढायची (समोरच्याचे पाय धरून ओढायची) झेप घ्यावी: १० सेकंद, ५० सेकंद आराम, ८ वेळा. हात पुढे जाताना कडेनं, ओढताना पंजा आडवा. पाण्यात एकमेकांना धरायचं नाही, गमतीतसुद्धा. काठावर हात टेकून अंग पाण्याबाहेर उचलणं, ६ ते १० वेळा, ३ संच, हे जोरांना चांगली जोड देतं.

कबड्डीची चढाई ३० सेकंदांची, तेव्हा फेराही तेवढाच. आडवं सरकणं, मागे वळणं, ३० सेकंद, मग १ मिनिट आराम. खोखोवाल्यांनी दर ३ सेकंदांनी शिट्टीवर दिशा बदलावी. वळताना पाण्याची लाट उलटी अंगावर येते, तीच मेहनत. भरतीची १६०० मीटर धाव करणाऱ्या पोरांना खोल पाण्यातली धाव सगळ्यात कामाची, त्यातही पावसाळ्यात, मैदानाचा चिखल झालेला असतो तेव्हा. विजा चमकत असतील तर मात्र उघड्या तलावात शिरायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

आठवड्यात दोन दिवस पुरे, मध्ये किमान ४८ तास. जत्रेच्या कुस्त्या लागल्या की जोराचा सराव कुस्तीच्या तीन दिवस आधी संपवा. कुस्तीच्या दुसऱ्या दिवशी १५-२० मिनिटं नुसतं चालणं आणि तरंगणं. दर चार आठवड्यांनी भिंतीवर खडूची खूण करत उभी उडी आणि मैदानावरची धाव मोजा. पाण्यातल्या प्रगतीचा पुरावा जमिनीवरच मिळतो.

जिथे हमखास घोळ होतो

तहान लागत नाही म्हणून पाणी पीत नाहीत. घाम पाण्यातही येतो, दिसत नाही एवढंच. शिवाय गळ्याएवढ्या पाण्यात लघवी जास्त होते. सरावाआधी आणि नंतर वजन करा. कमी झालेल्या प्रत्येक किलोमागे सव्वा ते दीड लिटर पाणी, ताक किंवा लिंबू सरबत पुढच्या काही तासांत घोट-घोट प्यावं. वजनगटात बसण्यासाठी अंग सुकवणाऱ्या पैलवानानं त्या दिवसांत तलावात उतरू नये. चक्कर मातीत आली तर माणूस पडतो, पाण्यात आली तर बुडतो.

पाण्याखाली श्वास कोंडायच्या पैजा बंद. भराभर श्वास घेऊन बुडी मारली की रक्तातला कार्बन डायऑक्साइड आधीच कमी झालेला असतो, श्वास घ्यावासा वाटायच्या आतच शुद्ध हरपते, आणि वरून पाहणाऱ्याला पोरगा आरामात खाली बसलाय असं वाटतं.

कान मोडलेल्या पैलवानाच्या कानाच्या वळ्यांत पाणी अडकतं. डोकं कलतं करून ते काढा, टॉवेलनं बाहेरून टिपा. काडी, किल्ली, कापूस आत घालू नका. गजकर्ण, उघडी जखम, ताप, जुलाब, वाहणारा कान असेल तर तलाव नाही. फिट येणाऱ्यांनी आणि हृदयाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरू नये. पोटरीत गोळा आला तर काठ धरा, गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढा. बोटं सतत ताणून धावणाऱ्यांना तो हमखास येतो.

आणि दुखापतीतून परतणाऱ्यांचा घोळ. सहा आठवडे पाण्यात धावून दम शाबूत राहतो, त्यामुळे पोरगा पहिल्याच दिवशी डांबरी रस्त्यावर पाच किलोमीटर मारतो. छाती तयार असते, नडगीचं हाड नसतं. धक्के न बसल्यामुळे त्याची सवय मोडलेली असते. म्हणून पहिल्या आठवड्यात नेहमीच्या धावेच्या पाव भागच जमिनीवर, तोही मातीच्या मैदानात, एक दिवसाआड, बाकी पाण्यात. दुसऱ्या आठवड्यात अर्धी, तिसऱ्यात पाऊण. सकाळी अंथरुणातून उठून पहिली दहा पावलं टाकताना नडगी दुखली, तर पुढच्या आठवड्यात जायचं नाही, त्याच आठवड्यात राहायचं. बोट ठेवल्यावर एकाच ठिकाणी कळ येत असेल तर जमिनीवरची धाव थांबवून हाडांच्या डॉक्टरांकडे जा.